सोलापुरात धंद्याचं ट्रेनिंग घ्यायचंय? आधी दहा गिऱ्हाईकं, मग फॉर्म

ग्रॅज्युएशन झालेल्या पोराला सोलापुरात कुणी "काय करालास बे सध्या?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, एक तर स्पर्धा परीक्षा नाहीतर पुणे. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून इंटरव्ह्यूला जायचं आणि संध्याकाळी त्याच गाडीनं परत यायचं. आज्याच्या काळात गिरणीचा भोंगा होता, जुनी गिरणी, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, पोरगं मोठं झालं की बापाच्या ओळखीनं खात्यात लागायचं. ते सगळं गेलं. २०२३-२४ च्या सरकारी आकडेवारीत देशभरातल्या १५ ते २९ वयाच्या तरुणांतली बेकारी १०.२ टक्के होती, आणि गंमत अशी की जास्त शिकलेल्यांत हा आकडा अजून वर जातो.

मग कुणीतरी व्हॉट्सॲपवर पोस्टर टाकतं, "मोफत उद्योजकता प्रशिक्षण, सर्टिफिकेट, ३५ टक्के सबसिडी". पोरगं जातं, बसतं, चहा-बिस्कीट होतं, ग्रुप फोटो होतो, सर्टिफिकेट फाईलला लागतं आणि सहा महिन्यांनी परत तोच प्रश्न, काय करालास बे. ट्रेनिंग वाईट असतं म्हणून असं होतं असं मला वाटत नाही, बऱ्याच ठिकाणी शिकवणारे मनापासून शिकवतात, पण आपण रिकाम्या डोक्यानं जातो. ज्यानं आयुष्यात कुणाला एक रुपयाची वस्तू विकलेली नाही त्याला मार्केट सर्व्हे शिकवून काय कळणार. म्हणून खालचा क्रम मुद्दाम उलटा आहे, ट्रेनिंग तिसऱ्या नंबरला आहे.

पायरी १: काय विकायचं ते गावातच बघा

युट्यूब बघून मशरूम, मोती, ड्रॅगनफ्रूट असलं काही डोक्यात आलं असेल तर थोडं थांबा. सोलापुरात जे आधीच चालतंय त्याच्या कडेनं घुसणं सोपं, कारण कच्चा माल, कारागीर, ट्रान्सपोर्ट सगळं तयार आहे.

चादर म्हणाल तर नाव मोठं आहे, जीआय म्हणजे ठराविक गावच्या मालाची सरकारी ओळख पण आहे, पण नवख्यानं लूम म्हणजे माग टाकायच्या भानगडीत पडू नये असं माझं मत, भांडवल लागतं, सूताचा भाव वरखाली होतो आणि बाजारात सोलापुरीच्या नावानं बाहेरचा स्वस्त माल येऊन बसलेला असतो. त्यापेक्षा युनिफॉर्मची लाईन बघा. शाळेचे ड्रेस शिवणारे कारखाने शहरभर आहेत आणि तिथं सगळं काम एका छताखाली होत नाही, काज-बटण बाहेर, भरतकाम बाहेर, इस्त्री-पॅकिंग बाहेर. एक काज मशीन आणि एक बटण मशीन घेऊन पीस रेटवर, म्हणजे नगाला ठरलेल्या मजुरीवर, जॉबवर्क घेणारा माणूस कापड विकत घेत नाही, त्याचा पैसा मालात अडकत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, ही लाईन सीझनची आहे, शाळा उघडायच्या आधीचे चार-पाच महिने श्वास घ्यायला वेळ नसतो आणि दिवाळीनंतर काही दिवस माशा मारायच्या. त्या रिकाम्या दिवसांचं काय करणार हे आधी ठरवा, हॉस्पिटलचे ड्रेस, हॉटेलचे ड्रेस, काहीतरी.

खाण्यात शेंगाचटणी, कडक भाकरी, ज्वारीचं पीठ, हे आहेच. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, तिन्हीकडं जाणारी बरीच गर्दी सोलापुरावरून जाते आणि प्रत्येकाला घरी न्यायला काहीतरी हवं असतं. जानेवारीत गड्डा यात्रा असते, तिथं एक छोटा स्टॉल म्हणजे तुमच्या मालाची परीक्षाच, काय खपतंय काय नाही ते थोड्या दिवसांत कळतं. आणि ज्यांना यातलं काही नको त्यांना सर्व्हिस लाईन आहे. उन्हाळा कसला असतो ते सांगायला नको, कूलर-एसी दुरुस्त करणारा चांगला पोरगा एप्रिल-मेमध्ये फोन उचलत नाही इतका बिझी असतो.

अजून एक गोष्ट जी आपण भांडवल म्हणून मोजतच नाही. शहराच्या पूर्व भागातल्या पोराला तेलुगू येते, अक्कलकोट साईडच्या पोराला कानडी येते, मराठी-हिंदी सगळ्यांनाच. हैदराबादच्या व्यापाऱ्याशी तेलुगूत आणि इंडी-विजयपूरच्या दुकानदाराशी कानडीत भाव करणारा सेल्समन पुण्यातल्या कंपनीला शोधून सापडत नाही, इथं तो चौकात उभा असतो.

पायरी २: कर्ज न काढता विकून बघा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. घरच्या खर्चातून, कुणाचं मशीन भाड्यानं घेऊन, थोडाच माल करा आणि अनोळखी माणसाला विका. अनोळखीच. मामा, आत्या, शेजारच्या काकू कौतुकानं घेतात, ते गिऱ्हाईक नव्हे. दहा अनोळखी लोकांनी पैसे देऊन घेतलं आणि त्यातल्या तिघा-चौघांनी परत मागितलं तर पुढं जा.

हिशोब कसा मांडायचा ते शेंगाचटणीवर दाखवतो. भाव समजा म्हणून धरलेत, तुम्ही तुमच्या दिवशीचे बाजारातले घाला.

समजा १० किलो शेंगदाणे १३० रुपयांनी घेतले, झाले १३००. भाजून साल काढल्यावर वजन किलोभर तरी कमी होतं, बहुतेक जण हे धरतच नाहीत. तिखट १ किलो ३००, लसूण १ किलो २००, मीठ-जिरं ६०. गॅस आणि कांडपाचे १५०. हो, कांडपच, मिक्सरमध्ये फिरवली की भुकटी होते, कुटल्यावर जे तेल सुटतं तीच सोलापुरी चटणी. एकूण माल साधारण साडेदहा किलो धरला तर २०० ग्रॅमची ५२ पाकिटं, पाकीट आणि लेबल मिळून ४ रुपये म्हणजे २०८. आतापर्यंत २२१८ झाले, भागिले ५२, एका पाकिटाला पावणेत्रेचाळीसच्या आत. दुकानदाराला ६४ ला दिलं आणि त्यानं ८० ला विकलं तर तुम्हाला वाटणार २१ रुपये सुटले, वा!

थांबा. आईचा आणि तुमचा दिवस कुठं गेला? दोघांचे मिळून नुसते ५०० धरा, कमीच आहेत. आता एकूण २७१८, पाकिटाला ५२ च्या वर. सुटले १२. त्यात पाच-सहा पाकिटं दुकानातून परत आली, खवट वास येतोय म्हणून किंवा सील सुटून तेल बाहेर आलं म्हणून, तर प्रत्येकी ६४ गेले, म्हणजे सहाशेतले साडेतीनशे तिथंच संपले. पेट्रोल तर अजून धरलंच नाही.

असा एक कागद हातात असला की धंद्याचं खरं रूप दिसतं. मग डोकं चालायला लागतं, पाकीट बदलू का, दुकानापेक्षा थेट हॉस्टेलला आणि मेसला किलोवर देऊ का, गड्ड्यात स्वतः उभा राहिलो तर ८० चे ८० माझे. हे प्रश्न तयार झाले की ट्रेनिंगला जायची वेळ झाली.

पायरी ३: आता ट्रेनिंग, पण कुठलं

ग्रामीण भागातले असाल तर आरसेटी बघा, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. जिल्ह्याची जी लीड बँक असते, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांचं काम जुळवणारी, ती चालवते, सोलापूरला बँक ऑफ इंडिया. ही कल्पना मूळची शेजारच्या कर्नाटकातली, १९८२ ला धर्मस्थळाजवळच्या उजिरे गावात धर्मस्थळ ट्रस्ट आणि दोन बँकांनी मिळून सुरू केलेली, पुढं देशभर नेली. वय १८ ते ४५, राहणं-खाणं-शिकणं फुकट, कोर्स काही दिवसांपासून दीड महिन्यापर्यंतचे, शेळीपालन, दुग्धव्यवसाय, शिलाई, ब्युटी पार्लर, मोबाईल दुरुस्ती, सीसीटीव्ही असले. मला यातली सगळ्यात कामाची गोष्ट वाटते ती कोर्स संपल्यानंतरची, दोन वर्षं त्यांनी तुमचा पाठपुरावा करायचा असतो. तो हक्कानं मागा, फोन करा, भेटायला जा, लाजू नका.

शहरातल्यांना एमसीईडी म्हणजे महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र, १९८८ पासूनची राज्याची संस्था, मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला. त्यांचे कार्यक्रम जिल्हा उद्योग केंद्राच्या मार्फत कळतात. शिंपी, न्हावी, चांभार, गवंडी, कुंभार असं हातानं काम स्वतः करत असाल तर पीएम विश्वकर्मा, २०२३ चं, ट्रेनिंगच्या दिवसाला ५०० रुपये, अवजारांना १५ हजारांपर्यंत, आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख मग २ लाख कर्ज. १८ धंदे आहेत त्यात, कापडाचा विणकर मात्र त्या यादीत नाही. सोलापूरकरांना हे बोचणारच.

खाजगीवाले जे दोन दिवसांचे पाच-दहा हजार घेतात आणि स्टेजवर गाणी लावून नाचवतात त्यांच्याबद्दल मी एवढंच म्हणेन की त्या पैशात एक चांगला वजनकाटा आणि सीलिंग मशीन येतं.

आणि युनिफॉर्मच्या लाईनमध्ये जायचं असेल तर वर्गापेक्षा कारखाना बरा. दोन-तीन महिने कुठंतरी हेल्पर म्हणून लागा, कटिंग मास्टरच्या शेजारी उभं राहा, एका वेळी कापडाचे किती थर अंथरतात, कापड वाया कुठं जातं, माल घेणारी पार्टी तो रिजेक्ट कशावरून करते हे तिथंच कळतं. घरचे म्हणतील ग्रॅज्युएट होऊन हेल्पर? म्हणू द्या.

ट्रेनिंगमध्ये बसल्यावर

पहिल्या एक-दोन दिवशी खेळ घेतात आणि निम्मी पोरं मोबाईल काढून बसतात, काय पोरखेळ लावलाय म्हणून. त्यातला एक खेळ नीट बघा. मध्ये एक खुंटी असते, हातात रिंगा देतात, उभं कुठं राहायचं ते तुम्ही ठरवायचं, जितकं लांब तितके मार्क जास्त. काही जण अगदी खुंटीला चिकटून उभे राहतात आणि सगळ्या रिंगा घालतात, मार्क चिल्लर. काही जण हिरोगिरी करत भिंतीला टेकून फेकतात, एकही पडत नाही. ज्याला धंदा जमायची शक्यता जास्त तो मधे उभा राहतो, दोन रिंगा चुकल्या की एक पाऊल पुढं येतो, बसायला लागल्या की मागं सरकतो. कर्ज किती घ्यायचं याचं सगळं शिक्षण त्या पावलात आहे.

हा खेळ डेव्हिड मॅक्लेलंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या कामातून आला. त्यानं १९६४ च्या सुमारास काकीनाड्याच्या छोट्या व्यापाऱ्यांना हैदराबादच्या संस्थेत आणून असंच ट्रेनिंग दिलं आणि नंतर बघितलं तर ट्रेनिंग घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा जास्त हालचाल करत होते, नवीन धंदे, नवीन माणसं. म्हणजे आपल्याकडच्या या वर्गांचं मूळ तेलुगू मुलखातल्या बाजारपेठेत आहे.

अलीकडचा पुरावा आफ्रिकेतल्या टोगो देशाचा, २०१७ ला छापून आला. तिथं १५०० छोट्या व्यावसायिकांचे गट केले, एका गटाला नेहमीसारखं हिशोब-मार्केटिंग शिकवलं, दुसऱ्याला स्वतःहून पुढाकार कसा घ्यायचा, वेगळं काय करायचं, अडचण आली की दुसरा रस्ता कसा काढायचा हे शिकवलं, तिसऱ्याला काहीच नाही. दोन वर्षांत पुढाकारवाल्यांचा नफा ३० टक्के वाढला, हिशोबवाल्यांचा ११ च्या आसपास आणि तोही योगायोग नाही असं ठामपणे म्हणता येईना. पण बघा, हे सगळे आधीपासून धंद्यात असलेले लोक होते! काकीनाड्याचे पण. म्हणून परत परत सांगतोय की काहीतरी विकून मगच जा.

वर्गात तुमचा तो हिशोबाचा कागद घेऊन जा आणि सरांना दाखवा. बँकेतून जे साहेब लेक्चरला येतात त्यांचं नाव, शाखा लिहून घ्या, त्यांना विचारा की या भागात तुम्ही कुठल्या प्रकारची कर्जं नाकारता आणि का. शेजारी बसलेल्यांचे नंबर घ्या, पार्लर काढणारी ताई उद्या तुमची चटणी काऊंटरवर ठेवू शकते.

कागदपत्रं

यात जास्त वेळ घालवू नका, बहुतेक कागद घरबसल्या होतात. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, आधारवर होतं आणि पूर्ण फुकट आहे, कॅफेवाला हजार मागत असेल तर ते त्याच्या बोटांचे पैसे. छोट्या दुकानाला शॉप ॲक्टची ऑनलाइन सूचना. खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचं बेसिक रजिस्ट्रेशन, वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना, फी वर्षाला १०० रुपये. लेबलवर साहित्य, निव्वळ वजन, एमआरपी, बॅच, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, तुमचा पत्ता, तो लायसन नंबर आणि हिरवा ठिपका.

जीएसटीत एक खड्डा आहे जो सोलापूरवाल्यांनाच लागतो. मालाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नाही हे सगळ्यांना पाठ असतं, पण ते राज्यातल्या राज्यात. दुधनी ओलांडून कर्नाटकात कलबुर्गीच्या दुकानात टॅक्सेबल माल दिला की पहिल्या रुपयापासून जीएसटी नंबर लागतो. आपल्याला सीमा जाणवतच नाही, रोजचं जाणं-येणं असतं, म्हणून सीएला आधी विचारा.

बँक आणि ती ३५ टक्के

पोस्टरवरची ३५ टक्के सबसिडी सगळ्यांना नसते. केंद्राच्या पीएमईजीपीमध्ये, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, शहरातल्या ओपनवाल्याला १५, ग्रामीणला २५, आणि महिला, एससी, एसटी, ओबीसी, अल्पसंख्याक, दिव्यांग, माजी सैनिक यांना शहरात २५ आणि ग्रामीणमध्ये ३५. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम पण याच धर्तीवर आहे. मर्यादा आणि वयाचे नियम अधूनमधून बदलतात, पोर्टलवर त्या दिवशीचं बघा.

आता महत्त्वाचं, हे पैसे तुमच्या हातात येत नाहीत. समजा शहरातल्या ओपन मुलाचा १० लाखांचा प्रोजेक्ट आहे, १ लाख स्वतःचे घालायचे, ९ लाख बँक देणार, सबसिडीचे दीड लाख बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून पडून राहणार आणि युनिट खरंच चालू आहे असं तपासणीत दिसलं तरच कर्जात वळते होणार. तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही हा फायदा. पण हप्ता पहिल्यापासून पूर्ण कर्जाच्या हिशोबानं डोक्यात धरा. "सबसिडी काढून देतो, दहा टक्के माझे" म्हणणारा एजंट भेटला की चहा पाजून वाटेला लावा. आणि हो, विडीशी संबंधित धंदा या योजनेत बसत नाही, उगीच प्रोजेक्ट रिपोर्टचे पैसे घालवू नका.

छोट्या सुरुवातीला केंद्राच्या मुद्रा योजनेचं कर्ज जास्त सोयीचं, शिशू ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाख, तरुण १० लाख, आणि तरुणचं कर्ज नीट फेडलेल्यांना २०२४ पासून २० लाखांपर्यंत. तारण लागत नाही. पण सिबिल, म्हणजे आधीची उधारी कशी फेडली त्याचा स्कोअर, बघतात, आणि इथंच आपली पोरं अडकतात, दोन वर्षांपूर्वी ईएमआयवर घेतलेल्या मोबाईलचे तीन हप्ते चुकलेले असतात, ते आधी निल करा आणि पावती जपून ठेवा. शाखेत जाताना विकलेल्या मालाची बिलं, युपीआयचं स्टेटमेंट, मशीनचं कोटेशन घेऊन जा. छापील प्रोजेक्ट रिपोर्ट सगळेच आणतात, पाचवं वर्ष दुप्पट नफा वगैरे, मॅनेजरला ते तोंडपाठ असतं. "साहेब, तीन महिन्यांत एवढं विकलंय, पैसे याच खात्यात आलेत" हे वाक्य मात्र त्यांना रोज ऐकायला मिळत नाही.

घरच्यांचं पण याच वेळी बघून घ्या. धंदा करणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही ही भीती आईबापाला खरी असते, भांडून ती जात नाही. महिन्याला ठराविक रक्कम घरात द्यायला लागलात की आवाज आपोआप खाली येतो, मग ती तीन हजार का असेना.

उधारी

पहिल्या वर्षी धंदे गिऱ्हाईक नाही म्हणून जेवढे बसतात तेवढेच, कदाचित जास्तच, उधारीनं बसतात. सोलापूरच्या बाजाराला उधारीची जुनी सवय आहे, "पुढच्या शनिवारी देतो की ओ" हे शनिवार संपत नाहीत. नवख्यानं पहिल्या ऑर्डरला निम्मे पैसे आधी मागावेत, तोंड वाकडं करणारा पुढं पण वाकडंच करणार असतो. दुकानदाराला दुसऱ्या वेळचा माल पहिल्या मालाचे पैसे आल्यावरच टाकायचा, आणि प्रत्येक पार्टीला किती रकमेपर्यंत सोडायचं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचं.

मोठ्या पार्टीसाठी कायदा तुमच्या बाजूनं आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं उत्पादन किंवा सेवा देणाऱ्या छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रार करता येते. शिवाय आता ४५ दिवस उलटून मार्चअखेरपर्यंतही पैसे न देणाऱ्या पार्टीला तो खर्च त्या वर्षाच्या इन्कम टॅक्समध्ये दाखवता येत नाही, त्यामुळं मार्चमध्ये फोन केला तर लवकर उचलतात. तक्रार केली की ती पार्टी तुटते हे पण खरं, तेव्हा तो शेवटचा दगड. पण हे सगळं उद्यम नंबर असलेल्यालाच मागता येतं, म्हणून तो पहिल्या बिलाच्या आधी काढायचा आणि प्रत्येक बिलावर छापायचा.